भंडाऱ्याचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी नोट आहे. दोन रुपयांची. दोन रुपयांची नोट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीच नसेल, तेव्हा आधी हसून घ्या. झालं हसून? आता जरा मान राखून ऐका, कारण मी काही साधीसुधी नोट नाही. महात्मा गांधींच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, त्यांच्या आठवणीसाठी मुद्दाम ज्या नोटा काढल्या त्यांच्यापैकी मी एक. माझ्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आहेत. दुसऱ्या बाजूला खुद्द गांधीजी जमिनीवर बसले आहेत, उघड्या अंगाने, पंचा नेसून. मागे सेवाग्रामचं बसकं घर आहे. दोन ऑक्टोबरला माझी भावंडं पहिल्यांदा लोकांच्या हातात गेली, त्यामुळे त्यांचा वाढदिवस तोच माझाही, असं मी मानते. कुणी विचारत नाही, पण मानते.

मी तोऱ्यातच निघाले होते. आपण देशाचा इतिहास पाठीवर घेऊन हिंडतोय, तर आता दिल्ली नाही तरी निदान पुणं बघायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं कोऱ्हाळे बुद्रुक. तिथल्या गेणबा नावाच्या शेतकऱ्याच्या कोपरीच्या खिशात मी चार दिवस सुपारीच्या खांडांशेजारी काढले.

त्या दिवसांत बिरदेव नावाचे एक मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन गेणबाच्या रानात उतरले होते. मेंढरं रानात बसवली की त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो, वर थोडे पैसे देतो. बिरदेव निघाले तेव्हा गेणबाने ज्वारी दिली आणि वर मला दिलं. म्हणाला, "कोरी हाय बघ बिरदेवा. मोडू नगं लगीच."

त्या दिवशी रविवार होता. बिरदेवांनी नुकताच बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला होता. भंडारा म्हणजे देवाची हळद. तसाच हात पुढे करून त्यांनी मला घेतलं आणि माझ्या कोऱ्या करकरीत कडेवर त्यांचा पिवळा अंगठा उमटला. मला फार राग आला. एवढ्या मोठ्या माणसाचं चित्र पाठीवर असताना असा डाग! बिरदेवांनी मात्र हसत मला चंचीत, म्हणजे कमरेच्या पानसुपारीच्या पिशवीत टाकलं आणि मेंढरांना हाळी दिली.

मित्रांनो, पुढचं सांगताना मला अजून जड जातं. महिनाभरात बिरदेव तापाने गेले. मागे बायको जयवंता, बारा वर्षांचा तात्याबा आणि पाच वर्षांची म्हाळसा. या घरात कुणाचाच फोटो कधी काढलेला नव्हता. रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला कोण फोटो काढायला बसवतंय! म्हाळसा रोज एकच हट्ट धरायची, "मला आबा दाव." चार दिवस तात्याबाने काहीबाही सांगून पाहिलं. पाचव्या दिवशी त्याने बापाची चंची उघडली, मला बाहेर काढलं, उलटी केली आणि गांधीजींवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो बघ आबा."

मी हादरले. मला बोलता येत असतं तर मी तिथंच सांगितलं असतं.

म्हाळसाने मला नाकाशी धरून नीट पाहिलं. पोर भारी चिकित्सक.

"आबाचा पटका कुठं हाय?"

"घाम आला म्हून काढून ठिवलाय."

"अन् ह्यो चष्मा कवा घेतला?"

तात्याबा जरा अडखळला. मग म्हणाला, "लांबची मेंढरं दिसत नव्हती न्हवं. म्हून घेतला."

ते तिला पटलं. तिने मला छातीशी धरलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. जयवंता चुलीपाशी तोंडात पदर घालून बसली होती. तिनेही पोराला खोटं पाडलं नाही.

आता त्या घराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. देव्हाऱ्यात देवांचे टाक असतात, म्हणजे देवाची आकृती ठोकून उठवलेले चांदीचे लहान पत्रे. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचाही टाक करून देवांशेजारी बसवतात. बिरदेवांचा टाक करायची तेव्हा ऐपत नव्हती. म्हणून जयवंताने पिवळ्या फडक्यात घडी करून मलाच देवांशेजारी ठेवलं. तेव्हापासून मी बाजार पाहिला नाही. दोन रुपयांची नोट होते, बिरदेवांचा टाक झाले.

वर्षं गेली. मेंढरं गेली, भवानीनगरजवळ थोडी जमीन झाली, तिच्यात ऊस उभा राहिला. जयवंता गेली. म्हाळसाचं लग्न होऊन ती कन्हेरीला गेली. पण दरसाल दसऱ्याला ती माहेरी यायची, हातपाय धुवून देव्हाऱ्यापुढे बसायची, मला उलगडायची, चिमूटभर भंडारा घेऊन आपला अंगठा माझ्या कडेवर टेकवायची आणि डोळे मिटायची. दर वेळी त्याच जागी. मला वाटायचं, म्हातारी होत चालली तरी हिची आपल्या चित्रावर काय भक्ती आहे! मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे ऐपत आली तेव्हा तात्याबा एकदा म्हणालाही, "म्हाळसे, बारामतीच्या सोनाराकडनं आबाचा चांदीचा टाक करून घिऊ." ती फटकन म्हणाली, "काय नगं. हीच असू दे." मी आणखी फुगले.

तात्याबाचं मात्र वेगळंच होतं. तो मला बघितलं की नजर चुकवायचा. त्याचे तात्या झाले, आजोबा झाले, तरी बारा वर्षांच्या वयात सांगितलेलं ते खोटं त्यांच्या घशात अडकूनच राहिलं.

गेल्या साली घटस्थापनेआधी देव घासायला काढले तेव्हा त्यांच्या नातीने, आठवीतल्या रोहिणीने, माझी घडी उलगडली. पोरगी ओरडलीच, "आज्जा, ही तर गांधीजींची नोट आहे! शंभर वर्षं झाली तेव्हाची. आमच्या मॅडम नोटांचं प्रदर्शन भरवणार आहेत, मी नेऊ?"

तात्या लगबगीने आले. "हळू बोल गं. ती गांधीबाबाची हाय हे म्हाळसाला ठावं न्हाय." आणि मग जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी नातीला सांगितली. शेवटी म्हणाले, "एकदा बाप मेला तवा रडली ती. आता साठीला आली. आता पुन्यांदा तिचा बाप मारू का मी?"

रोहिणीचा चेहरा पडला. तो पाहून आजोबा विरघळले. आजोबांचं हे नेहमीचंच. म्हणाले, "ने. पर म्हाळसा दसऱ्याला दहाच्या यस्टीनं येती. त्याच्या आत नोट देव्हाऱ्यात पायजे."

गेल्या साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले होते. सकाळी आठला शाळेत कार्यक्रम झाला आणि प्रदर्शन उघडलं. बाकावर आम्ही नोटा ओळीने मांडलेल्या. वीस रुपयांच्या पाठीवर वेरूळचं लेणं, पन्नासवर हंपीचा रथ, पाचशेच्या एका जुन्या नोटेवर दांडीयात्रा, जुन्या पाचच्या नोटेवर रान नांगरणारा ट्रॅक्टर. भवानीनगरच्या पोरांनी अर्थातच ट्रॅक्टरपाशी गर्दी केली. सगळ्यांत मानाच्या जागी मी होते. छपन्न वर्षांनी मला माझी जागा मिळाली असं मला वाटलं.

राजेश्वरी मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "छान आहे गं. कडेचा तो पिवळा डाग तेवढा पुसता आला तर बघ, फोटो नीट दिसेल."

मॅडमचं चुकलं नाही, त्यांना काय माहीत! रोहिणीने कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवला आणि डागाच्या टोकाला हळूच टेकवला. हळदीला साबण लागला की काय होतं ते तुमच्या आईला विचारा. पिवळं टोक झरकन लालभडक झालं. रोहिणीने घाबरून बोळा फेकला.

तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. "कुठं हाय माझी नोट?"

म्हाळसा! त्या दिवशी तिला कन्हेरीच्या कुणाच्या तरी जीपमध्ये जागा मिळाली आणि ती नऊलाच पोचली. देव्हारा उघडून पाहिला तर फडकं रिकामं. तात्या चहाचा आग्रह करत राहिले, पण सुनेच्या, निकिताच्या तोंडून निघून गेलं की नोट शाळेत आहे. हे सगळं मला नंतर देव्हाऱ्यात कळलं. तेव्हा फक्त दिसलं ते एवढंच, की म्हाळसा पुढे आणि तिच्या मागे धापा टाकत, चोरासारखा चेहरा करून तात्या.

मॅडम आदराने म्हणाल्या, "या आजी, बसा. रोहिणी, सांग बरं आजींना या नोटेची माहिती."

रोहिणीने सकाळपासून ती माहिती वीस जणांना घडाघडा सांगितली होती. तिने आजोबांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली. "ही... ही नोट..." एवढंच म्हणून ती रडायला लागली.

"रडतीस कशापायी?" म्हाळसा म्हणाली. "म्हात्मा गांधी हायेत, सांग की. त्यात काय वंगाळ हाय?"

तात्यांनी दचकून वर पाहिलं. "म्हाळसे... तुला ठावं हाय?"

"तर! पुढं समद्याच नोटांवर आलं न्हवं ते? एकदा बाजारात गवारवाल्यानं धाची नवी नोट हातात दिली. बघती तर त्योच चष्मा! म्हनलं, आमचा आबा गवारवाल्याच्या गल्ल्यात कसा?" ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दोन दिस लई रडले मी तवा. मग ग्वाड वाटलं. बारा वर्साचं पोरगं तू. तुझाबी बाप गेल्याला. अन् माझ्यासाठी तू बाप हुडकून आनलास."

"मग बोलली का न्हाईस इतकी वर्सं?"

"तुला वाईट वाटंल म्हून."

दोघं भाऊबहीण एकमेकांसाठी इतकी वर्षं गप्प राहिली होती. मॅडमनी हळूच चष्मा पुसला.

"पर मग," तात्यांनी विचारलं, "दरसाली तू पाया कुनाच्या पडतीस?"

मित्रांनो, मी कान टवकारले. मला वाटलं, आता माझ्या चित्राचं नाव निघणार. म्हाळसाने मला हातात घेतलं आणि तो डाग भावापुढे धरला. "ह्याच्या. कोऱ्हाळ्याच्या रानात आबानं नोट घेतली तवा मी त्याच्या काखंतच हुते. भंडाऱ्याचा हात हुता त्याचा. आबाचं तोंड मला आठवत न्हाय, तात्या. पर ह्यो अंगठा आबाचा हाय. उडून जाऊ नगं म्हून दरसाली भंडारा लावती."

तात्यांना आजवर वाटत होतं की तो डाग म्हाळसाच्याच बोटाचा. त्यांनी आपला अंगठा पुढे केला आणि त्या जागेवर ठेवला. नेमका बसला. सदुसष्ट वर्षांचा माणूस पोरांच्या देखत "आबा" म्हणून हुंदके देऊन रडला.

मग रोहिणीने लाल झालेलं टोक दाखवलं आणि पुटपुटली, "माझ्याकडनं झालं, आजी." म्हाळसाने ते टोक उजेडाकडे धरून पाहिलं. "आगं, पणज्याला कुकू लावलंस व्हय? दसऱ्याचा दिस हाय. चालतंय की."

त्या दिवशी माझा तोरा उतरला, आणि खरं सांगते, त्याचं मला वाईट वाटलं नाही. ज्या डागाचा मला राग होता, त्याच डागाने मला इतकी वर्षं देवांशेजारी बसवलं होतं. आता मी पुन्हा पिवळ्या फडक्यात आहे. माझ्याशेजारी रोहिणीच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे. तिच्यात दोन ओळी आहेत. वर लिहिलंय, "महात्मा गांधी जन्मशताब्दी, १९६९." खाली लिहिलंय, "अंगठा: बिरदेव, आमचे पणजोबा."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी नोट, भांडं, कापड असेल. ते जपा. त्याच्यावर काय छापलंय ते शाळेत कळेल. पण ते लखलखीत करायला घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, हा डाग कुणाचा आहे. रोहिणीने न विचारता एकच बोळा टेकवला होता. पुढच्या दसऱ्याला मला उलगडतील तेव्हा भंडारा लावायला म्हाळसाबरोबर तात्यांचाही अंगठा असेल. आणि रोहिणी म्हणालीय, तिसरा तिचा.