कपाळावरचं गोंदण

द्रौपदीबाईंच्या दोन भुवयांमध्ये हिरवं गोंदण होतं, तीन ठिपक्यांचं. लहानपणी जालन्याकडे गावात गोंदणारीण आली होती, तेव्हाचं. पुढे विक्रोळीत अख्खा जन्म गेला, कुणाच्या डोळ्यांत ते खुपलं नाही. खुपलं ते पोटच्या पोरीला. चेतनाचं लग्न ठरलं, सासरची माणसं वांद्र्याची, आणि साखरपुड्याच्या फोटोत तिला आईच्या चेहऱ्याआधी गोंदणच दिसलं.

चेतना घाटकोपरला त्वचेच्या क्लिनिकमध्ये कामाला होती. डाग, गोंदणं घालवायचं लेझर रोज तीच मारायची. एका रविवारी, डॉक्टर नसताना, ती आईला तिथे घेऊन गेली.

"दुखेल का गं?"

"मुंगी चावल्यासारखं वाटेल. लग्नात झकास दिसशील बघ."

लेझरपासून डोळे वाचवायला आईला काळा चष्मा घातला, तर त्याची मधली पट्टी नेमकी गोंदणावर. अशा वेळी पापण्यांखाली धातूच्या टोप्या बसवतात, पण ते डॉक्टरांचं काम. थांबायला हवं होतं. पण चेतनाला कुठला धीर! तिने चष्मा काढला, आईच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला नि म्हणाली, "घट्ट मीट. उघडू नकोस हां."

दुसऱ्या फटक्याला जळका वास आला. बाई घाबरली, मान वळवली, कापूस घसरला, उजवा डोळा उघडला आणि पुढचा फटका थेट त्यात गेला. नेमका तोच. डावा लहानपणी गोवरात अधू झालेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आतला पडदा मधोमध भाजलाय. कडेकडेचं दिसेल, समोरच्याचा चेहरा दिसणार नाही. यावर औषध नाही. चेतना दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली. आईने एका शब्दाने तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

लग्न ठरल्या तारखेला झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. पांढऱ्या साडीतली चेतना आईच्या पाया पडली. द्रौपदीबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने शोधला. मग बोटांनीच नाक, गाल, हनुवटी चाचपली.

"छान दिसतेस ना गं?"

"हो, आई."

"आणि माझं? गेलं का ते?"

चेतनाने पाहिलं. तिन्ही ठिपके जागच्या जागी होते, एक तेवढा जरासा फिकट.

"गेलं, आई," ती म्हणाली. "काहीच राहिलं नाही."