'कोंबड्यांची निगा' आणि राष्ट्राध्यक्षांची सात पत्रं

"यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही बरेच दिवस बसत नव्हता," असं मी ग्रंथपालबाईंना आधीच सांगून टाकलं. अशी आगाऊ सूचना दिली की माणूस जरा नीट कान देतो.

बाई माझा संग्रह न्यायला आल्या होत्या. चाळीस वर्षं जमवलेला. चार राष्ट्राध्यक्ष, नऊ पंतप्रधान आणि मोजायचा कंटाळा येईल इतके मंत्री, यांची सहीची पत्रं; शिवाय त्यांच्या हाताखालून गेलेली दुर्मीळ पुस्तकं. ग्रंथालयात दर्शनी भिंतीला काचेचं कपाट तयार होतं. त्यावर माझ्या नावाची पितळी पाटीही ठोकून झाली होती. ती मी तीनदा जाऊन बघून आलो होतो. एकदा तर रुमालाने पुसूनही आलो. अट एकच: एक जरी वस्तू संशयाची निघाली, तर सगळा संग्रह परत आणि पाटी खाली.

बाई सकाळपासून हातमोजे घालून एकेक पत्र उजेडात धरत होत्या, सही भिंगाखाली घेत होत्या, यादीत खूण करत होत्या. एकशे बारा वस्तू सुखरूप पार पडल्या. एकशे तेरावी हातात आली आणि बाई थांबल्या. तांबड्या कापडी बांधणीचं बारकं पुस्तक, 'कोंबड्यांची निगा'. पहिल्याच पानावर त्यांच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का.

"हे आमचं पुस्तक तुमच्याकडे कसं?"

दाराशी भाजी निवडत बसलेल्या बायकोने मान वर केली. "या घरात कोंबड्यांचं नाव काढू नका."

मी ते ऐकलंच नाही.

"तर बाई, आपले ते मिशाळ राष्ट्राध्यक्ष आठवतात?"

"मिशा आठवतात."

"त्यांच्या सहीसाठी झाडून सगळे संग्राहक हात धुऊन मागे लागले होते. पण गडी सहीच करायचा नाही! रबरी शिक्का. करारावर शिक्का, फर्मानावर शिक्का, स्वतःच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा शिक्का. म्हटलं, हा गोडीगुलाबीने वठणीवर यायचा नाही, याला डिवचलं पाहिजे. आता मोठ्या माणसावर मोठा आळ घेतला तर उत्तर वकील देतात. लहानसा आळ घ्या, तो त्याला स्वतःला झोंबतो. मी लिहिलं: महोदय, बावीस वर्षांपूर्वी आपण आमच्या ग्रंथालयातून 'कोंबड्यांची निगा' नेलंत, ते अद्याप आलेलं नाही."

बाईंचं भिंग खाली आलं. "तुम्ही ग्रंथालयाच्या वतीने लिहिलंत?"

"वाचकाच्या वतीने. ताटकळलेल्या."

"आणि ते पुस्तक हरवलंय, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"नियमित वाचकाला असतं ठाऊक," म्हणून मी घाईघाईने पुढे सरकलो. "चौथ्या दिवशी उत्तर! स्वतःच्या हाताने लिहिलेलं. 'मी असलं पुस्तक नेलेलं नाही.' खाली सही, इतकी रागाने ठोकलेली की कागद फाटला होता. मी उलट टपाली कळवलं: तांबडी बांधणी, मागे चहाचा डाग, आठवून पाहा. दुसरं पत्र दोन पानी: मी चहा पीत नाही. तिसरं पाच पानी: कोंबड्यांशी माझा कधीही संबंध आलेला नाही, थोरल्या बहिणीला विचारा. चौथ्यात बहिणीची साक्ष. पाचव्यात मात्र अक्षर थरथरायला लागलं: लहानपणी आत्याकडे कोंबड्या होत्या खऱ्या. आणि सहाव्यात, बाई, मंत्रिमंडळाची बैठक अर्ध्यावर थांबवून सगळ्यांना घरभर पुस्तक शोधायला लावलं. अर्थमंत्री पलंगाखाली, संरक्षणमंत्री माळ्यावर. परराष्ट्रमंत्र्यांना शेजाऱ्यांकडे पाठवलं."

"आणि सातवं?" बाईंच्या ओठाचा कोपरा हलला होता.

"सातव्यात एकच शब्द. 'सापडलं.'"

"सापडलं?"

"मी मनाने रचलेला आळ, आणि पुस्तक सापडलं! दुसऱ्या दिवशी ते स्वतः हजर. गाडी इतकी लांब की पुढची चाकं आमच्या दाराशी लागली, तेव्हा मागची अजून कोपऱ्यावर वळत होती. याच खुर्चीत बसले."

"तेव्हा मी कुठे होते?" बायकोने विचारलं.

"तू माहेरी."

"त्या वर्षी मी माहेरी गेलेच नव्हते."

"मग बाजारात असशील. तर बाई, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, पुस्तक घ्या, पण माझी पत्रं परत द्या. नेलं नाही, नेलं नाही, असं सहीनिशी लिहून बसलोय. उद्या कोणी छापलं तर? मी दिली! जगात कोणाकडे नसलेल्या सात सह्या दिल्या आणि हे घेतलं."

"मग ग्रंथालयात का नाही आणून दिलंत?"

"अहो, त्यांची अब्रू! ते पदावरून उतरेपर्यंत सांभाळायचं ठरलं होतं. ते उतरले, आणि मी विसरलो."

बाई हसल्या. चक्क खळखळून हसल्या. एकशे तेराव्या ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या, "गोष्ट झकास आहे. पण पुस्तक त्यांच्याकडे होतं, याला पुरावा काय?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आत समासात कोणाच्या तरी पेन्सिलीच्या टिपा आहेत, एवढंच मला पुसट आठवत होतं. पण जिभेला कोण आवरणार?

"पुरावा? आत उघडा ना! पानापानावर त्यांच्या हातच्या टिपा. अख्खं पुस्तक म्हणजे एक लांबलचक सही!"

बाईंच्या आधी बायको उठली. पदराला हात पुसले, चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "'तांबडी आजही अंड्यांवर बसली नाही. पिसं झडत आहेत.'"

"बघा," मी म्हणालो, "देशाचा कारभार सांभाळून!"

"कोंबड्यांशी संबंध नव्हता ना त्यांचा?" बाई म्हणाल्या.

"आत्याची असेल ती."

बायकोने पान उलटलं. "'गच्चीवरचं खुराडं मी एकट्याने बांधलं. भक्कम झालं आहे, असं आज बायकोनेही कबूल केलं.'"

तिने चष्मा काढला. बाईंनी पेनाला टोपण लावलं, आणि मला पितळी पाटीचे खिळे निघाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"कबूल केलं? मी?" बायको कडाडली. "अहो, ते खुराडं पहिल्याच वाऱ्यात शेजारणीच्या अंगणात जाऊन पडलं! लिहून घ्या बाई: हे अक्षर यांचं, कोंबड्या आमच्या, आणि मी काहीसुद्धा कबूल केलेलं नाही!"