मापांची पेटी

सासूबाई कपडे शिवतात. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्यांचं गिऱ्हाइकांकडे जाणं थांबलं आणि मापं ईमेलवर येऊ लागली. पण इनबॉक्समध्ये जाहिरातींचा नुसता बाजार. म्हणून लेकीला मांडीवर थोपटत मी त्यांच्या कॉम्प्युटरवर स्मार्ट मेलबॉक्स करून दिला. ज्या मेलमध्ये ‘माप’ शब्द असेल, ती आपोआप ‘मापं’ या पेटीत दिसणार.

“चाळणीच की गं ही!” त्या खूश.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गायनवर्गाचे झगे कापायला बसल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

“अगं, मुलांची सगळी मापं गेली.”

“जातील कुठे?”

“मीच पुसली. एकच मेल दोन जागी दिसत होती. म्हटलं, पसारा कशाला? तुझ्या पेटीतल्या काढून टाकल्या, तर इनबॉक्समधल्याही गायब!”

स्वयंपाकघरात एका डब्याची दोन झाकणं सापडली, तरी त्यांना रात्रभर झोप लागत नाही. त्यांच्याकडून हे होणारच होतं.

“गाण्याच्या बाईंकडे परत मागूया?”

“कुठल्या तोंडाने? त्यांनी दिलेलं हे पहिलंच काम. म्हणतील, म्हातारीला झेपत नाही. आणि नाहीच झेपत. शेजारपाजारच्या उशा शिवेन, बास.” कापड घडी करून त्यांनी बाजूला सारलंसुद्धा.

लेक त्यांच्या कडेवर दिली आणि कॉम्प्युटरवरची कचऱ्याची पेटी उघडली. सगळ्या मेल तिथे शहाण्यासारख्या बसलेल्या! एकेक इनबॉक्समध्ये परत नेली, तशी ती ‘मापं’मध्येही दिसू लागली.

“तिथे तू ठेवलीच नाहीस ना?”

“आई, मेल एकच असते. ही पेटी म्हणजे नुसती खिडकी.”

“म्हणजे खिडकीतून हात घालून उचललं, तरी खोलीतलंच जाणार.”

“अगदी!”

“मग हे आधी सांगायचं नाही का, भवाने?” लेक कडेवर खिदळली. “हसतेस काय? आईला रागव तुझ्या.”

मग म्हणाल्या, “सरक, आता एक खिडकी मी करते.” अट म्हणून त्यांनी ‘तातडीचं’ असं टाइप केलं. पेटी जाहिरातींनी गच्च भरली.

“अगंबाई, अख्ख्या जगाला घाई! बसू देत ताटकळत.”

आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी बाईंना लिहिलं: ‘मापं मिळाली. झगे वेळेवर होतील. आणखी काम असेल तर कळवा.’