मलमानं आलेलं बाळसं

मित्रांनो, मी एक पिंजरा, आता पुरता गंजलेला. पोपटाचा म्हणाल तर नाही हं! सांगलीतल्या एका कारागिरानं १९७४ साली मला औषधांच्या प्रयोगशाळेसाठी घडवलं. तळाला जाळी, खाली पत्र्याचं नरसाळं. सशाच्या लेंड्या चाळणीत अडायच्या आणि लघवी तेवढी बाटलीत उतरायची. हसू नका! सशाच्या कातडीला चोळलेलं औषध अंगात किती शिरलं, ते त्या बाटलीवरून कळायचं. मला त्याचा भारी तोरा होता.

सशांची देखभाल आप्पासो करायचा. म्हसवडकडचा मेंढपाळ, दुष्काळात मेंढरं गेली म्हणून नोकरीला आला. लोकर कातरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सशाची पाठ भादरून तिथं तो खरजेवरचं मलम चोळायचा.

एकदा माझ्यातल्या सशाच्या बाटलीत औषधाचा अंश इतरांच्या कितीतरी पट निघाला. ससा वाळत चालला होता, पोट मात्र फुगलेलं. प्रयोग चालवणाऱ्या राजमानेबाईंनी त्याला उचलून बघितलं.

"आप्पासो, याची पाठ सोलली कशी?"

"आवं बाई, एकबी केस ऱ्हाऊ नये म्हणून वस्तरा दाबून मारला."

"अहो, धड कातडी औषधाला थोडंच आत घेते. सोललेल्या कातडीतून ते भसाभसा शिरतं, रक्ताबरोबर अंगभर फिरतं. यकृत ते मोडतं, मग लघवीवाटे बाहेर पडतं. पण यकृताला तरी किती झेपणार? आणि वरून गच्च बांधलं, तर आणखीच शिरतं."



"बाई, चुकलो वो! उरल्यासुरल्या ट्यूबा म्या गावाकडं नेल्या. वर्साची नात हाय, हरणा. तिच्या खरजेला दीड महिना लावतोय. आमच्यात रीतच हाय, आदी काथ्यानं घासून लाल करायचं, मग औषध, वर एरंडाचं पान बांदायचं."

"तिचं तोंड सुजल्यासारखं गोल झालंय का?"

"व्हय की! बाळसं धरलं म्हणून समदी आळी कौतुक करतीया. सून तर रोज तीट लावतीया."

"ते बाळसं नव्हे, आप्पासो, मलमातल्या स्टेरॉइडची सूज आहे. आजच तिला मोठ्या दवाखान्यात न्या. पण मलम आपल्या मनानं एकदम तोडू नका. अंगाला त्याची सवय लागलेली असते, तोडलं तर जिवावर बेतेल. डॉक्टर सांगतील तसंच करा."

तो तसाच एसटी गाठायला पळाला. दोन महिने त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवसांत माझ्यातला ससा गेला. काय सांगू, मला माझीच लाज वाटली! आत एक जीव तडफडत होता आणि मी बाटलीचा तोरा मिरवत होतो. तिकडं त्या पोरीचंही असंच झालं असेल का, या विचारानं मला चैन पडेना.

दोन महिन्यांनी आप्पासो आला.

"पोर वाचली, बाई. डाक्टरनं मलम हळूहळू कमी केलं. सूज उतरली."

बाईंनी देवाला हात जोडले. आप्पासो मात्र मान वर करीना.

"सून नीट बोलत न्हाई माझ्याशी. तशी ती राहीबाई लय गुणाची हाय, पण म्हणती, मामंजी, माझी गुबगुबीत पोर तुमी दवाखान्यात निऊन वाळवलीसा. शेजारणीबी तिचीच री ओढत्यात. येताना माझं पाय धरून रडली. म्हणली, एक ट्यूब तेवढी आणा, लेकराचं बाळसं परत येऊ द्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

कपाटातल्या सगळ्या ट्यूबा काढून त्यानं बाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

"ह्यास्नी कुलूप घाला, आन् किल्ली तुमच्यापाशी ठेवा. माझा भरवसा धरू नका, बाई. तिचं रडणं आठवलं की माझा हात जाईल."

मित्रांनो, माया करणारी माणसं तुमच्याही घरी असतील. असलं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या हाती पडू देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.