बदली तासांची वही

गणिताच्या बाईंनी वहीचं शेवटचं पान उलटलं, अंगठ्याला लागलेली पेन्सिलची काजळी रुमालाला पुसली आणि कच्च्या कागदावर आकडा लिहिला: एकसष्ट. मग वही पुन्हा पहिल्या पानापासून मोजायला घेतली. पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईंना आपली बेरीज चुकलेली असावी असं वाटत होतं, म्हणजे प्रकरण अवघडच होतं.

बेरीज चुकली नव्हती.

वही बदली तासांची. आज कोण आलेलं नाही, त्याच्या वर्गावर कोण जाणार, कुणाचा तास कुणाला द्यायचा, हे बाई रोज सकाळी त्यात लिहीत. लिहायचं पेन्सिलने, कारण मधल्या सुट्टीपर्यंत सगळं तीनदा बदलायचं. चित्रकलेचे तास वेळापत्रकाप्रमाणे वर्षाला एकशे ऐंशी. झाले एकसष्ट.

बाकीचे कुठे गेले हे शिक्षकखोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं. विज्ञानाच्या सरांचे प्रयोग कायम अर्धवट. इतिहासाच्या बाई सहामाहीपर्यंत पहिल्या महायुद्धात अडकलेल्या असायच्या आणि दुसरं महायुद्ध चित्रकलेच्या तासाला उरकायच्या. खेळाचे सर तेवढे हुशार. घंटा व्हायच्या आत ते मुलांना मैदानावर पळवायचे, आणि मैदानावरून तास परत आणायची कुणाची छाती नव्हती. चित्रकलेच्या सरांकडे मात्र "आजचा तास द्याल का?" एवढं म्हणायचाच अवकाश. तास गेला की सर मोकळे, आणि मोकळे सर दिसले की बाई त्यांना बदली तासावर पाठवत. वहीत ते न वाचताच सही करायचे आणि फक्त विचारायचे, "कुठला वर्ग?"

गेलेल्या एकशे एकोणीस तासांपैकी चौपन्न एकट्या गणिताने घेतले होते.

कागद सकाळीच मोठ्या सरांनी पुढे केला होता.

"वरून आलाय. विषयवार वेगळा कागद, हा चित्रकलेचा. ठरलेले तास आणि झालेले तास. निम्म्याहून कमी भरले तर ते पद बंद, शिक्षक अतिरिक्त."

"मग त्यांना कुठे पाठवणार?"

"जिथे जागा असेल तिथे. नाहीतर तीन शाळांत फिरती."

"सर, त्यांची आई..."

"माहितीये मला."

माहिती सगळ्यांनाच होती. चित्रकलेच्या सरांची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. रोज मधल्या सुट्टीत सर दोन गल्ल्या पलीकडच्या घरी जाऊन तिला भरवून येत. परतताना त्यांच्या शर्टाच्या बाहीवर कधी रंग असायचा, कधी भात.

"तुम्हीच म्हणाला होतात," बाई म्हणाल्या, "निकाल लागला पाहिजे, तास कुठून काढायचे ते तुम्ही बघा."

"म्हणालो असेन. लेखी दिलं नव्हतं." मोठे सर खिडकीकडे बघत राहिले. "मलाही वर उत्तरं द्यावी लागतात, बाई." मग आवाज उतरवून म्हणाले, "वही पेन्सिलचीच आहे ना? तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे खोडा. खोडरबर तर बाईंच्या पर्समध्येच होतं. सरांचे तास पुन्हा सरांच्या नावावर लिहायचे, एका दुपारचं काम. बाकीच्यांनी घेतलेल्या तासांपुढे त्यांच्या पेनने केलेल्या सह्या होत्या; खोडण्यासारखे होते ते गणिताचेच. पण मग त्या चौपन्न तासांचं काय करायचं?

गेल्या महिन्यात वार्षिक सभेत बाईंना प्रशस्तिपत्र मिळालं होतं. 'स्वतःच्या वेळात घेतलेल्या चौपन्न जादा तासांबद्दल.' स्वतःच्या वेळात, हे कुणी घातलं देव जाणे. बाईंनी घातलं नव्हतं. पण टाळ्या वाजत असताना त्या व्यासपीठावर उभ्या होत्या आणि त्यांनी ते दुरुस्तही केलं नव्हतं. नवऱ्याने ते चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो आधी ते दाखवतो, मग पाणी विचारतो. वहीतले चौपन्न तास चित्रकलेला परत दिले असते, तर भिंतीवरच्या चौपन्न तासांना जागाच उरली नसती.

कागदावर रकाने पाच होते: विषय, शिक्षक, ठरलेले तास, झालेले तास, शिक्षकाची सही. तास कुणी घेतले, असा रकाना नव्हता. बाईंनी चौथ्या रकान्यात पेनने एकसष्ट लिहिलं. अगदी खरं लिहिलं. तरी चोरी केल्यासारखं वाटलं.

निदान सांगायचं तरी आपण, असं ठरवून त्या वहीत कागद ठेवून चित्रकलेच्या खोलीकडे निघाल्या. मनात वाक्य तयार होतं: सर, जरा बसा, एक वाईट बातमी आहे. जिना चढेपर्यंत त्याचं 'सर, एक कागद आहे' एवढंच उरलं.

खोलीचं निम्मं गोदाम झालं होतं. मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गेल्या वर्षीचे फलक. उरलेल्या जागेत सर जमिनीवर उकिडवे बसून निकालाचा नवा फलक रंगवत होते. निळ्या अक्षरांत 'गणित' लिहून झालं होतं, खाली 'शंभर टक्के'मधला शेवटचा 'के' चालू होता.

"या बाई. जपून, ओला आहे. तुमचा 'ग' बघा कसा उतरलाय."

"छान झालाय."

"नुसता छान? यंदा तुम्ही नाक राखलंत शाळेचं. म्हटलं अक्षर तरी त्या तोलाचं हवं."

बाईंनी वही उघडून टेबलावर ठेवली. कागद वरच होता.

"सर, एक कागद आहे."

"हो हो." सर उठले, ब्रश डाव्या हातात घेतला, रंग सांडू नये म्हणून त्याच्या टोकावर नजर ठेवली आणि उजव्या हाताने खिशातलं पेन काढलं. रिकामा रकाना एकच होता. त्यांनी तिथे सही केली, नेहमीची, शेवटी छोटा फराटा असलेली.

"कुठला वर्ग?"

वाचा ना सर एकदा, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. चार शब्द. रोज पाच-पाच तास बोलणाऱ्या त्यांच्या तोंडून ते निघेनात.

"सातवी अ," त्या म्हणाल्या.

"कोण नाही आलं आज?"

"सगळे आलेत. तास तुमचाच आहे. चित्रकलेचा." हा तास बाईंनी स्वतःसाठी मागून ठेवला होता. सकाळीच वहीत तसं लिहिलंही होतं.

"माझा?" सर हसले. त्यांना थट्टा वाटली असावी. मग बाईंचा चेहरा बघून ते घाईघाईने ब्रश धुवायला लागले. "आधी सांगायचं ना. मुलांनी वह्या आणल्या नसतील."

"नसतील."

"आणतील कशाला, बिचारी. असू दे, माझ्याकडे पाठकोरे कागद आहेत." त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा सोडला, मागची बाजू कोरी असलेली पानं भराभरा वेगळी केली, खडूंची पेटी काखेत मारली. वयाची पन्नाशी उलटलेला माणूस सहलीला निघाल्यासारखा दारापर्यंत गेला आणि तिथे थबकला.

"बाई, सातवीचं गणित मागे नाही ना पडणार?"

"नाही."

"पडलं तर सांगा. पुढचा घ्या माझा."

त्यांच्या चपला जिन्यावरून उतरत गेल्या. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरून सातवी अ चा गलका ऐकू आला. गणिताच्या तासाला तो वर्ग असा कधी ओरडला नव्हता.

बाई तिथेच मोडक्या बाकावर बसल्या. आपण मेहेरबानी केल्यासारखा त्यांचाच तास त्यांना दिला, आणि ते खूश होऊन गेले. बाईंना स्वतःची शिसारी आली. समोर 'शंभर टक्के' वाळत होतं.

दारात शिपाईमावशी आली. "मोठे सर विचारतायत, कागद झाला का? पाठवायचाय म्हणे."

"सांग, एक रकाना राहिलाय."

मावशी वाकून कागदाकडे बघायला लागली. "सगळे तर भरलेले दिसतायत."

"जा तू. आणते मी."

मावशी गेल्यावर बाईंनी कागद हातात घेतला. रकाने पाचच होते आणि पाचही भरलेले होते. त्यांनी तो उलटा केला. पाठकोरा होता. सरांचं पेन टेबलावर उघडंच राहिलं होतं.