ज्योतबाबा आणि ओला मोजा

सकाळी आठलाच धुलाईच्या दुकानापुढे रांग लागली होती आणि रांगेतल्या एकाच्याही हातात मळका कपडा नव्हता.

बेकरीवाला पावाच्या पिठाचं पातेलं घेऊन आला होता. पीठ लवकर फुगायला हवं होतं. पोस्टमन नुसतेच गारठलेले हात पुढे करून उभा. एका काकांनी तर टोपलीत तीन अंडी आणली होती, त्यांना पिल्लं हवी होती. सगळ्यांना जागा हवी होती ती धाकटीच्या खुर्चीशेजारी.

धाकटी म्हणजे या दुकानाच्या मालकिणीची, थोरलीची, धाकटी जाऊ. वय पन्नास. गेल्या महिन्यापासून तिला मधूनच काहीतरी व्हायचं. बसल्या बसल्या गळा लाल, मग गाल, मग कान, आणि कपाळावरून घामाच्या धारा. पाच मिनिटांत सगळं ओसरायचं. पूर्वी ती गुपचूप खिडकीशी जाऊन पदरानं वारा घ्यायची. आता मात्र चेहरा लाल व्हायला लागला की गर्दी ओरडायची, "आला, आला! सूर्य आला!"

हा सूर्य आणला होता ज्योतबाबानं.

"मायबाप हो," बाबा खुर्चीमागे उभा राहून सांगत होता, "सूर्यसुद्धा थकतो. रोज उगवायचं, रोज मावळायचं, एक दिवस सुट्टी नाही. मग तो एखादी गरीब, पवित्र बाई बघतो आणि तिच्या अंगात दोन घटका विसावा घेतो."

"आणि तेवढा वेळ वर कोण असतं?" इस्त्रीच्या टेबलावरून थोरलीनं विचारलं.

"वर त्याची सावली असते, माताजी."

"सूर्याची सावली! बरं बरं. चालू द्या."

थोरली शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेली. पण चाळीस वर्षं हे दुकान तिनं एकटीच्या जिभेवर आणि मनगटावर चालवलं होतं. कापडाला नुसतं बोट लावून ते किती ओलं आहे ते ती सांगायची. मोठी इस्त्री तिनं कुणाला हात लावू दिली नव्हती. धाकटीला तर नाहीच.

बाबानं पत्र्याच्या डबीतून आपली ज्योत काढली. बोटाएवढी, लाल, काचेसारखी आरपार दिसणारी. ती त्यानं धाकटीच्या तळहातावर ठेवली. ज्योतीनं डोकं वर काढलं, अंग वळवलं, उलटी झाली. गर्दीच्या तोंडून 'आँ' निघालं. मग त्यानं तीच ज्योत स्वतःच्या हातावर ठेवली. ढिम्म.

"मी नुसता पोस्टाचा डबा," बाबा नम्रपणे म्हणाला. "पत्र तिच्या नावाचं."

पोस्टमनचे डोळे पाणावले.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण धाकटीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाबानं अकरा दिवसांपूर्वी बंद करायला लावल्या होत्या. आग आणि औषध एका अंगात नांदत नाहीत म्हणे. आणि आज बारा वाजता मोठा सोहळा होता. जिथं जाड कोट वाफवतात त्या वाफेच्या खोलीत धाकटीनं दार लावून तीन तास बसायचं होतं, म्हणजे सूर्याची झोप पुरी होईल. त्या खोलीत थोरली स्वतः दहा मिनिटांवर थांबत नसे.

जिना चढताना धाकटी मधल्या पायरीवर थांबली, तेव्हा थोरली मागेच होती. धाकटीचा हात जबड्यावर होता.

"काय गं, दाढ दुखते?"

"दाढ नाही, जाऊबाई. चढताना हे असं जबड्यात, पाठीत भरून येतं. बसलं की जातं. बाबा म्हणाले, सूर्य वर चढतोय."

"सूर्य वर चढतोय की तू खाली चाललीस, ते बघायला नको?"

दहाच्या सुमारास दवाखान्यातली डॉक्टरीण आपले पांढरे कोट न्यायला आली. थोरलीनं तिला कपाटामागे ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

"यात सूर्य कुठला आला?" डॉक्टरीण म्हणाली. "पाळी जायच्या वयात अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. मेंदूत तापमान सांभाळणारी एक जागा असते, ती मग हळवी होते. जराशी ऊब वाढली की तिला वाटतं, आग लागली. ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या करते. रक्त वर येतं, बाई लाल होते, घाम सुटतो. लाखो बायकांना होतं."

"लाखो? म्हणजे सूर्याला बराच मुक्काम करावा लागत असेल."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं हातातला कोट उलटा केला. "हे अस्तर बघा. रक्तवाहिनीला आतून असंच एक अस्तर असतं, एकाला एक लागून बसलेल्या बारीक पेशींचं. इस्ट्रोजेन त्या पेशींना मदत करतं. त्या एक वायू सोडतात, त्यानं वाहिनी सैल राहते, रक्त सुखानं वाहतं. इस्ट्रोजेन कमी झालं की अस्तराची ती कामगिरी मंदावते, वाहिन्या ताठर होऊ लागतात, रक्तदाब वाढायला वाव मिळतो. म्हणूनच या वयात गोळ्या सोडायच्या नसतात. आणि जबड्यातलं दुखणं मला मुळीच आवडलेलं नाही. हृदयाचं दुखणं बायकांना असंही येतं. त्यांना आत्ताच्या आत्ता घेऊन चला."

पण धाकटी हलेना. "डॉक्टरीणबाई, तुमच्या रक्तदाबाच्या यंत्रापुढे ज्योत उभी राहते का?" तिनं मान ताठ करून विचारलं. गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

थोरली दातओठ खात टेबलाशी आली. शर्टांच्या घड्या तिथं पडल्या होत्या. वरच्या शर्टावर कुणीतरी पारदर्शक चुरचुरीत कागद ठेवला होता, पुडा बांधायचा. कागदाच्या कडा वर येऊन वळत होत्या. शिवी तिच्या ओठांवर आली, चाळीस वर्षांच्या सवयीची: अरे, ओलसर शर्टावर हा कागद घालू नका, मेला लगेच गुंडाळतो!

ती तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली. मग तिनं कागदाकडे बघितलं. मग बाबाच्या डबीकडे.

बारा वाजता बाबानं ज्योत काढली आणि धाकटीच्या घामेजलेल्या हातावर ठेवली. ज्योत उठली. थोरलीनं ती झडप घालून उचलली आणि बादलीतल्या पिळून ठेवलेल्या मोज्यावर ठेवली.

ज्योत उठली. डोलली. उलटी झाली.

गर्दी पुढे सरकली. मग अंडीवाल्या काकांनी मोज्यापुढे हात जोडले.

"अहो उठा!" थोरली कडाडली. "तो कारकुनाचा मोजा आहे! डावा!"

"मोजा असला तरी..." बेकरीवाला पातेलं पुढे सरकवत पुटपुटला.

थोरलीनं गरम टॉवेलनं धाकटीचा तळहात कोरडा केला, वर पावडर चोळली, ज्योत ठेवली. मेल्यासारखी पडली. मग तिनं पुड्याच्या कागदाचं कात्रीनं बदक कापलं आणि मोज्यावर सोडलं. बदक नाचलं. बूट कापला, बूटही नाचला. "हा कागद खालून ओल पितो, फुगतो आणि वळतो. एवढंच. आता तुमचा हात आणा, बाबा."

"माताजी, माझ्यात ती पात्रता..."

"आहे, आहे. आणते मी." तिनं त्याचा हात धरला. पावडरीनं पांढराफटक. भांडंभर पाणी ओतलं, ओलसर पुसला, ज्योत ठेवली. ज्योत ताडकन उभी राहिली.

"अभिनंदन," थोरली म्हणाली. "सूर्य तुमच्याकडे आला. आता तुम्हीच बसा वाफेच्या खोलीत. तीन तास. दार मी लावते."

बाबा डबी विसरून पळाला.

लोक हसले, पण धाकटी हसली नाही. "जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "तीस वर्षांत, तुला काय होतंय, असं मला पहिल्यांदा कुणी विचारलं ते त्यानं. लबाड होता, पण विचारलं त्यानं."

थोरलीनं तिचा हात धरला, ओला होता तरी सोडला नाही, आणि दवाखान्यापर्यंत तसाच धरून नेला. रक्तदाब भलताच चढला होता. हृदयाचा आलेख काढला, इंजेक्शन दिलं, मोठ्या इस्पितळात नेलं. "तीन तास त्या वाफेत बसल्या असत्या तर..." डॉक्टरीण म्हणाली.

महिन्याभरानं धाकटी दुकानात परतली. गोळ्या वेळेवर चालू. अंग अजूनही तापतं. तापलं की थोरली खिडकी उघडते आणि विचारते, "काय होतंय गं?" मोठी इस्त्री आता दोघींची आहे.

रांग पुन्हा आली, तेव्हा थोरली दारात उभी राहिली. "ऐका. बाईचं अंग तापलं तर तिच्या अंगात कुणी येत नाही, तिच्या अंगातलं काहीतरी कमी होतं. तिला डॉक्टरकडे न्या. चमत्कार दिसला तर आधी हात पुसा, मग पुन्हा बघा. आणि घरातल्या बायकांना काय होतंय ते तुम्हीच विचारा, म्हणजे असला कुणी विचारायला येणार नाही. चला, मळके कपडे आणले असतील तर आत या."

तेवढ्यात कारकून महिनाभर पडून राहिलेला मोजा न्यायला आला. अंडीवाल्या काकांनी त्याला वाट करून दिली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "उजव्याचं कसं काय?"