दवाखान्यातला माईक

दातांच्या डॉक्टरांना एक सवय हमखास लागते. ते बोलत असतात आणि समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी असते, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढायला कुणीच नसतं. मैनेचे बाबा वर्षानुवर्षं असेच बोलत आले होते. रस्त्यांची कामं, हल्लीची पिढी, पोरांना वळण कसं लावावं, अशा सगळ्या विषयांवरची त्यांची मतं रोग्यांनी 'आँ' म्हणून मान्य केली होती. अडचण एवढीच की घरातल्या माणसांची तोंडं मोकळी होती.

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती दिवसभर बडबडायची, म्हणून आईने ते ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मोठी झाल्यावर तिची बडबड आटली. जे सांगायचं ते ती गिटारवर सांगू लागली.

आता तिला एका संगीतशाळेत जायचं होतं. शाळा दूरच्या शहरात, जागा मोजक्या आणि अट साधी : स्वतः रचलेला एक तुकडा, एका दमात वाजवलेला, कुठे न कापता, न जोडता, मुद्रित करून रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवावा. ऐकूनच निवड होणार. मैनेचा तुकडा तयार होता. विजेच्या गिटारवर, नुसत्या बोटांनी, हलक्या हाताने वाजवायचा. झोपेतून उठवलं असतं तरी तिने तो वाजवला असता.

"रेकॉर्डिंगचं माझ्यावर सोड," बाबा म्हणाले.

आई दवाखान्यात बाबांच्या हाताखाली काम करायची. अवजारं उकळणं, कापूस पुढे करणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं हे तिच्याकडे. ती जागेवरूनच म्हणाली, "मागे नळाचं तुमच्यावर सोडलं होतं."

"मग? झाला ना दुरुस्त?"

"झाला. खालच्या मजल्यावरचे अजून भेटले की छताकडे बघतात."

बाबांनी हे ऐकलं नाही. ऐकणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. पुढचा महिनाभर ते माईकविषयी वाचत राहिले, व्हिडिओ बघत राहिले आणि जे कळेल ते आडव्या पडलेल्या रोग्यांना समजावत राहिले. एका आजोबांची दाढ काढताना त्यांनी स्पीकरची अख्खी रचना सांगितली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते बाबांना विषयाच्या गोडीमुळे वाटलं.

बाबांनी वाचलं होतं ते खोटं मात्र नव्हतं. ॲम्प्लिफायरच्या पेटीत जाळीमागे स्पीकर असतो, आणि त्याच्या आत कागदाचा एक पसरट द्रोण थरथरत असतो. माईक द्रोणाच्या बरोबर मध्यावर धरला तर आवाज टोकदार येतो, कडेला सरकवला तर मऊ होतो, मागे ओढला तर आवाजाबरोबर खोलीही ऐकू येते. इतकं समजलं की पुढचं काम कानांचं. माईक जरासा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. लहान मूलसुद्धा हे खेळता खेळता शिकेल. बाबा लहान मूल नव्हते, हीच पंचाईत.

रविवारी दवाखाना बंद असतो. घराची पुढची खोली म्हणजेच दवाखाना, म्हणून सकाळीच तिथे कामाला सुरुवात झाली. आवाज भिंतींवर आपटून परत येऊ नये म्हणून बाबांनी घरातल्या सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. मग खुर्चीवरचा मोठा दिवा काढून त्याच्या हलत्या दांड्यावर माईक बसवला. तोंड तपासायचा छोटा आरसा आणि विजेरी घेऊन ते ॲम्प्लिफायरपुढे गुडघ्यांवर बसले आणि जाळीतून आत डोकावत द्रोणाचा मध्य शोधू लागले.

"बाबा, किडलाय का?" मैनेने विचारलं.

"चेष्टा नको. मध्य सापडणं हीच खरी विद्या आहे."

माईक जाडजूड होता, वर जाळीचं डोकं असलेला. असा माईक टोकाने ऐकत नाही, कुशीने ऐकतो, आणि तेही एकाच कुशीने. एका बाजूला बनवणाऱ्याचं सोनेरी नाव कोरलेलं होतं, दुसरी बाजू कोरी होती. बाबांनी नावाची बाजू स्वतःकडे ठेवली आणि कोरी बाजू ॲम्प्लिफायरकडे.

"हे उलटं नाही ना?" मैना म्हणाली.

"उलटं कसं? नाव बघणाऱ्याला दिसायला नको? आपल्या दवाखान्याची पाटी आपण भिंतीकडे तोंड करून लावलीय का?"

मैनेने गिटार मांडीवर घेतली. बाबा इतक्या खात्रीने बोलत की समोरच्याला आपलीच शंका बावळट वाटायची. ते त्यांच्या चाकांच्या गोल स्टुलावर माईकच्या मागे, अगदी जवळ बसले. पुढ्यात कॉम्प्युटर, नाकावर चष्मा. त्यांनी हात वर केला, खाली आणला, आणि मैना वाजवू लागली.

संपल्यावर तिने हेडफोनकडे हात नेला तेव्हा बाबांनी तो अडवला. "ऐकायचं काय त्यात? इकडे बघ." पडद्यावर आवाजाच्या लाटा उमटल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे एक्स-रे बघावा तसे एक डोळा बारीक करून बघत होते. "हे बघ, इथे टोक आलंय. इथेही. आणि हे तर बघवत नाही."

"कशाचं आहे ते?"

"तुझ्या नखांचं. तारेवर नख आपटतंय. पुन्हा."

मैनेने नखं बारीक कापली, कानशीने घासली आणि पुन्हा वाजवलं. पुन्हा टोकं आली. मधल्या, तिला स्वतःला सगळ्यात आवडणाऱ्या ओळीपाशी तर दोन आली.

"नखं नव्हती आता," ती म्हणाली.

"मग बोट जड पडतंय. आणि गिटारची लाट बघ किती बारीक आलीय. जीवच नाही वाजवण्यात." बाबांनी माईकचा जोर वाढवला. पुढच्या वेळी गिटारची लाट थोडी फुगली, पण टोकं थेट पडद्याच्या काठाला जाऊन भिडली. बाबांनी खांदे पाडले. वाईट बातमी रोग्याला द्यायचा त्यांचा एक खास आवाज होता, तो त्यांनी काढला. "मैना, मी सांगतो त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. दोष मुळातच आहे."

जेवायची वेळ टळून गेली. ती वाजवत राहिली आणि बाबा टोकं दाखवत राहिले. आपला हात इतका वाईट आहे हे तिला इतके दिवस कळलंच कसं नाही? आता तिला त्या जागा यायच्या आधीच भीती वाटू लागली. भीतीने बोटं आखडली, आणि आखडलेल्या बोटांनी खरोखरच चुका होऊ लागल्या. चांगलं वाजवणाऱ्या मुलीला वाईट वाजवायला शिकवण्याचं काम बाबांनी एका दुपारात तडीस नेलं होतं.

चारच्या पुढे तिने गिटार मांडीवरून उतरवली. "नाही पाठवत मी."

"असं कसं? मी एवढी मेहनत घेतली त्याचं काय?"

"ते लोक हसतील बाबा. तुम्हीच म्हणालात, दोष मुळातच आहे."

आई चहा घेऊन आली होती. तिने भिंतींवरच्या आपल्या रजया बघितल्या, लेकीचे लाल डोळे बघितले आणि कप ठेवून दिला. "काय झालंय?"

"हे बघ, दाखवतो," बाबा म्हणाले.

"दाखवू नका. ऐकवा."

"अगं, लाटांमध्ये सगळं स्वच्छ दिसतंय…"

"लाटा पाठवणार आहात का त्या शाळेत?"

तिने हेडफोन कानांवर चढवले आणि कळ दाबली. थोडा वेळ तिचा चेहरा नुसता ताणलेला होता, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकताना होतो तसा. मग भुवया वर गेल्या. मग तिने तोंडावर हात दाबला, आणि खांदे हलू लागले. मैनेला वाटलं, आता आईसुद्धा हसते म्हणजे संपलंच.

"अहो," आई कशीबशी म्हणाली, "हिच्या जागी तुम्हाला पाठवायचंय का?"

तिने हेडफोनची वायर उपटली. आवाज खोलीभर झाला. दूर, शेजारच्या इमारतीत कुणी वाजवावी तशी गिटार, आणि अगदी कानाशी बाबा. बाबांचा श्वास. बाबांचं नाक. बाबांच्या रिकाम्या पोटातली गुरगुर. आणि मधूनमधून, घोड्याला हाकावं तसा, जिभेचा करकरीत आवाज : 'च्!'

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"तुमचं च् च्. किडका दात दिसला की करता ते. पडद्यावर बघा."

मैना वाकली. 'च्' झालं की लाटेचं टोक यायचं. सकाळपासूनचं एकूण एक टोक ह्या जिभेचं होतं. ॲम्प्लिफायरशेजारी वाजवताना तिला ते ऐकूच आलं नव्हतं. तिच्या नखांचं एकही नव्हतं, बोटांचंही नव्हतं. आवडत्या ओळीपाशी दोन 'च्' होते आणि त्यांच्या मागोमाग पुटपुटणं : "गेली, गेली, घालवली."

बाबा चष्मा काढून पुसू लागले. रेकॉर्डिंगमधले बाबा मात्र बोलत होते.

मग मैनेने हेडफोन परत जोडून कानांवर घातले आणि तेच केलं जे सकाळी करायला हवं होतं. ती म्हणाली, "आई, माईकच्या पुढून बोल. आता मागून बोल." कोऱ्या बाजूने आई विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी आली, सोनेरी नावाच्या बाजूने शेजारी बसल्यासारखी. इतकीच परीक्षा होती. त्याला महिनाभर वाचावं लागत नाही.

"नाव बघणाऱ्यासाठी नसतं बाबा," मैना म्हणाली. "ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे असतं."

"पण असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं," बाबा म्हणाले. "आणि दिशा सोडली तर जागा अचूकच होती की. मध्य आणि कड यांच्या बरोबर मधली."

मैनेने माईक फिरवला. हेडफोन कानांवर ठेवून तिने तारा छेडल्या, दांडा बोटभर कडेकडे सरकवला, ऐकलं, थोडा परत आणला, ऐकलं. आता गिटार जवळ आली होती, उबदार. घड्याळात पाच वाजून गेले होते.

"बरं, ह्या वेळी मी श्वासच रोखून धरतो," बाबा स्टूल पुढे ओढत म्हणाले. "फक्त मधल्या ओळीला तू जरा…"

"तुम्ही बाहेर थांबता का?" मैनेने विचारलं.

"बाहेरून दार वाजवतील," आई म्हणाली. "आणि मग सूचना देतील. नको. चला, खुर्चीत बसा."

"कुठल्या खुर्चीत?"

"आपल्याकडे खुर्ची एकच आहे. पडा मागे. हं, आ करा."

"अगं पण…"

बोलायला तोंड उघडलं तेवढं आईला पुरलं. ह्या कामात तिचा हात बसलेला होता. एका गालात कापसाची गुंडाळी, दुसऱ्या गालात दुसरी, तिसरी जिभेखाली. थुंकी ओढायची नळी तिने हातात घेतली, मग ती खरखरते हे आठवून परत अडकवली. "अर्धा तास काही खायचं नाही, बोलायचं नाही," ती म्हणाली. हे ती रोग्यांना रोजच सांगायची.

"आँ," बाबा म्हणाले.

"बघ, बाबांनाही पटलं."

मैनेला हसू आलं, आणि हसताना खांद्यांतला ताण सुटला. तिने सुरुवात केली. आवडती ओळ जवळ आली तशी सवयीने भीती आली, तिने खुर्चीकडे पाहिलं. बाबांचे डोळे विस्फारले होते, गाल फुगले होते, जीभ आत काहीतरी करू बघत होती आणि तिला वावच नव्हता. ओळ आली आणि गेली. शेवटाकडे एका जागी तिचं बोट किंचित घसरलं. ते तिला कळलं, आईला कळलं नाही, आणि बाबांना तर मुळीच नाही. त्यांच्या डोळ्यांत काही हललं नाही. म्हणजे दिवसभर ते भलत्याच जागी च् च् करत होते! मैनेला दिवसभरातला सगळ्यात मोठा दिलासा तेव्हा मिळाला. ती थांबली नाही. शेवटचा सूर तिने विरेपर्यंत धरून ठेवला, मग अख्खा तुकडा ऐकून, पडद्यावरच्या लाटांकडे एकदाही न बघता, तो सहाच्या आत पाठवून दिला.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. तिला जागा मिळाली होती. वाजवण्याबद्दल त्यांनी बरंच लिहिलं होतं, आणि खाली एक वाक्य : 'घरी केलेलं असूनही मुद्रण स्वच्छ आहे.' बाबांनी ते एकच वाक्य मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि खुर्चीवर आडवं पडल्यावर बरोबर दिसेल असं छताला चिकटवलं.

मैना निघाली त्या सकाळी दवाखाना चालू होता. पाठीवर गिटार घेऊन ती दारात आली तेव्हा खुर्चीत एक पोस्टमन तोंड वासून पडला होता.

"सगळा खेळ माईकच्या जागेचा," बाबा त्याला सांगत होते. "मुलगी वाजवते बरी. पण मध्य मी शोधला. आरशाने. पटतंय ना?"

"आँ," पोस्टमन म्हणाला.

बाबा पोस्टमनच्या दाढेत वाकले आणि म्हणाले, "च्!" पोस्टमन खुर्चीत आक्रसला.

मैना बाबांच्या पाया पडली. त्यांनी हातमोजा न काढताच तिच्या डोक्यावर कोपर टेकवलं, आणि तिकडे गेल्यावर माईक कसा ठेवायचा हे सांगायला तोंड उघडलं. आईने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

फाटकापाशी आईने पदराआडून एक पुडी काढून तिच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात घातली.

"काय आहे? खाऊ?"

"कापूस," आई म्हणाली. "तिथेही मास्तर लोक असतीलच."